गांवची वीज आणि गांवची संस्था

नगरहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता करंजीचा घाट ओलांडतो आणि पुढें तिसगांव लागतें. गर्भगिरीच्या डोंगरांजवळचें हें बाजाराचें गांव. कानिफनाथांची मढीही येथून दूर नाहीं. या टापूंत पाऊस बेताचा. शेतीची भिस्त बहुतांशीं विहिरीवर. विहिरीवर मोट होती तोंवर पाणी काढणें हें बैलांच्या बळाचें काम होतें, आणि बैल शेतकऱ्याच्या दावणीचे होते. मोटेच्या जागीं विजेचा पंप आला आणि तें बळ गांवाबाहेरून, तारेंतून येऊं लागलें. तें केव्हां यावें, किती यावें व कोणत्या दरानें यावें हें ठरविण्याचा अधिकारही त्याबरोबर गांवाबाहेर गेला. हा अधिकार परत मिळविण्याचा एक मोठा यत्न याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत झाला. त्याचा इतिहास तिसगांवासारख्या गांवांनीं नीट समजून घेण्याजोगा आहे.

अशा उद्योगापुढें पहिली अडचण येते ती भांडवलाची. ती दूर करण्याची रीत नगर जिल्ह्यास अगोदरच सांपडली होती. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं गांवोगांव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविलें, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाचें मार्गदर्शन मिळविलें, आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्यांच्या नांवावर चार एकरांपलीकडे कांहीं नाहीं तेही कारखान्याचे मालक होऊं शकतात, हें या प्रयोगानें दाखविलें. जें साखरेस साधलें तें विजेस कां साधूं नये, हा प्रश्न मग ओघानेंच आला.

या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंत मिळालें होतें. १९३५ च्या सुमारास तेथील दहा शेतघरांपैकीं जेमतेम एका घरीं वीज होती, कारण विरळ वस्तीपर्यंत तार नेण्यांत खाजगी कंपन्यांना नफा दिसत नसे. १९३६ च्या कायद्यानें सरकारनें स्वल्प व्याजाचें कर्ज देऊं केलें आणि शेतकऱ्यांनीं स्वतःच्या विद्युत्-संस्था उभारल्या. तोच आदर्श डोळ्यांपुढें ठेवून, १९६९ सालीं स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळानें भारतांत पांच सहकारी संस्था प्रयोगादाखल हातीं घेतल्या. उत्तर प्रदेशांत लखनौ, गुजराथेंत कोडीनार, आंध्रांत सिरसिल्ला, कर्नाटकांत हुक्केरी आणि महाराष्ट्रांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, अशीं तीं पांच ठिकाणें होत.

मुळा-प्रवरेनें श्रीरामपूर, राहुरी व त्यांच्या शेजारच्या तालुक्यांतील सुमारें १८३ गांवांत वीज वांटली. खांब संस्थेचे, तारा संस्थेच्या, सभासद गांवचे. भांडवलाची अडचण कर्जानें व भागांनीं सुटली. परंतु दुसरी अडचण अधिक खोल होती. संस्था वीज निर्माण करीत नव्हती. ती राज्य विद्युत् मंडळाकडून घाऊक विकत घेऊन सभासदांस किरकोळ विकीत होती. घाऊक दर तिच्या हातीं नव्हता आणि किरकोळ दरही खऱ्या अर्थानें तिच्या हातीं राहिला नाहीं. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत राज्यांत कृषिपंपांस अश्वशक्तीप्रमाणें ठोक आकारणी सुरू झाली. मीटर गेला आणि त्याबरोबर हिशेबही गेला. किती वीज पंपानें ओढली, किती तारेंत जिरली आणि किती चोरीस गेली, हें कोणासच निश्चित सांगतां येईना. जेथें माप नाहीं तेथें वसुली नाहीं, आणि जेथें वसुली नाहीं तेथें देणें सांचत जातें. पुढें महावितरणानें मोठ्या थकबाकीचा दावा केला. दर काय असावा याचा वाद वर्षानुवर्षें चालला. अखेर ३१ जानेवारी २०११ रोजीं संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि त्या क्षेत्रांतील वांटपाचा अधिकार महावितरणाकडे गेला.

सहकार म्हटला कीं असेंच व्हावयाचें, असा निष्कर्ष मात्र यावरून काढतां येत नाहीं. बेळगांव जिल्ह्यांतील हुक्केरीची संस्था त्याच योजनेंतली. ती आजही वीज वांटीत आहे. मुळा-प्रवरेजवळ तार होती, सभासद होते; उणीव होती ती स्वतःच्या निर्मितीची व चोख मापाची.

निर्मितीचा प्रयोग याच जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी येथें झाला. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें तेथें प्रथम पाणी अडविलें गेलें, आणि त्यानंतर सार्वजनिक गोबर गॅस संयंत्रें व सूर्यशक्तीवरचे रस्त्यांतील दिवे आले. क्रम महत्त्वाचा आहे. ज्या गांवानें श्रमदानानें बांध घातले होते त्यास संयंत्र सांभाळण्याची शिस्त नव्यानें शिकवावी लागली नाहीं. परंतु राळेगणास निर्मिति होती, तार नव्हती. त्या प्रकाशाची मर्यादा गांवच्या वेशीपर्यंतच होती.

वाऱ्याची गोष्ट निराळी. तिसगांवाच्या वाटेवरील डोंगरपठारांवर वारा भरपूर आहे. नगर तालुक्यांतील खांडके येथें टाटा पॉवर कंपनीनें ५०.४ मेगावॅट शक्तीच्या पवनचक्क्या उभ्या केल्या. वारा गांवावरून वाहतो, चक्की गांवाच्या माथ्यावर फिरते, पण मालकी कंपनीची आहे. डेन्मार्कच्या राजधानीजवळ, मिडेलग्रुंडेन येथें, २००० सालीं समुद्रांत वीस चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकीं दहा आठ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या झाल्या. जर्मनींतील शोनाव या लहानशा गांवीं नागरिकांनीं दोनदां सार्वमत जिंकून १९९७ सालीं गांवची तारच विकत घेतली. भारतांत गुजराथच्या खेडा जिल्ह्यांतील ढुंडी गांवीं २०१६ सालीं सहा शेतकऱ्यांनीं सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि सिंचनाहून उरलेली वीज वीजकंपनीस विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. या तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे: प्रत्येक युनिट मोजलें गेलें आणि त्याचा दर लेखी ठरला.

तिसगांवच्या टापूंत हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाहीं. पंपांस वीज पाळीनें मिळते आणि रात्रीची पाळी आली कीं शेतकऱ्यास अंधारांत विहिरीवर जावें लागतें. २०२० सालीं पाथर्डी तालुक्यांत बिबट्यानें लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हां रात्रीच्या पाण्याचें भय घरोघर कळलें. सूर्यापासूनची वीज दिवसाच मिळते. इतरत्र जो तिचा दोष मानितात तो येथें गुण ठरतो. हें जाणूनच महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना हातीं घेतली आणि आरंभासाठीं राळेगण सिद्धी व यवतमाळ जिल्ह्यांतील कोळंबी हीं गांवें निवडलीं. अशा योजनेंत जमीन भाड्यानें देणारा आणि वीज घेणारा एवढीच भूमिका गांवानें पत्करली, तर दिवसाची वीज मिळेल, पण मोटेबरोबर गेलेला अधिकार परत येणार नाहीं.

तो परत आणावयाचा असेल तर मुळा-प्रवरेचें संघटन आणि राळेगणची शिस्त यांस ढुंडीच्या हिशेबाची जोड द्यावी लागेल. भाग जमविणें नगर जिल्ह्यास नवें नाहीं, आणि ऊन तर तिसगांवास कधींच कमी पडलें नाहीं. कमी पडला तो मीटर. सभासदानें आपल्याच संस्थेस आपलें माप द्यावें आणि संस्थेनें तें सर्वांसमक्ष वाचून दाखवावें, एवढी गोष्ट ज्या गांवीं रुळेल त्या गांवची वीज गांवची राहील.