सावंतवाडीचा राजवाडा आणि गंजिफा

राज्य गेलें म्हणजे राजवाड्याचें काय होतें, हा प्रश्न १९४८ च्या सुमारास हिंदुस्थानांतील अनेक घराण्यांपुढें उभा राहिला. कोठें वाड्याची कचेरी झाली, कोठें शाळा. कोठें भिंती खचून नुसतें जोतें उरलें. सावंतवाडीच्या राजवाड्यानें मात्र निराळें उत्तर दिलें.

हा वाडा खेम सावंत तिसरे यांच्या कारकीर्दींतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळांतला. समोर मोती तलाव आहे. लांकडावरील लाखेच्या रंगकामासाठीं हें गांव पूर्वापार प्रसिद्ध. तें करणारे ते चितारी. त्यांचें खरें कसब दिसे तें गंजिफांत. मोगली गंजिफांचीं पानें ९६. दशावतारी गंजिफांचीं १२०. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीनें चिकटवावयाचे, वर लेप देऊन घोटावयाचें, वाटोळें पान कापून कुंचल्यानें रंगवावयाचें, शेवटीं लाखेची झिलई द्यावयाची. यंत्रावर छापलेल्या स्वस्त ५२ पत्त्यांपुढें हें काम टिकेना. १९७० च्या सुमारास ही विद्या जाणणारा एक वृद्ध चितारी काय तो उरला.

तेव्हां शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं त्याच्यापाशीं बसून ही कला शिकून घेतली. ज्या दरबारांत पूर्वीं मुजरे झडले, तेथें चितारी मांडी घालून रंग कालवूं लागले. वेल्समध्यें डेव्हिस भगिनींनीं १९२० सालीं ग्रेगिनॉग येथील वाडा घेतला आणि तेथें १९२२ सालीं सुंदर ग्रंथांचें मुद्रणालय काढलें, त्याची येथें आठवण होते. पण त्या भगिनींजवळ मोठें वारसाधन होतें. सावंतवाडीस कारागिराचें पोट विक्रीवर भरावयाचें होतें. म्हणून पाहुण्यानें काम पाहावें आणि आवडलें तें विकत न्यावें, अशी रीत पडली.

शिवरामराजे १९९५ सालीं आणि सत्त्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या, तरी काम थांबलें नाहीं. उणीव एकच राहिली. गंजिफा आज विकत घेतल्या जातात त्या बहुधा भिंतीवर लावण्यासाठीं; डाव मांडणारे फार थोडे. राजवाड्यानें हात वांचविला. खेळ वांचविणें घरोघरच्या माणसांकडे आहे.