तराजू आणि यकृत : स्थूलतेवरील एंडोस्कोपिक उपचारांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्थूलता आणि यकृत यांचा संबंध वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ परिचित असला, तरी स्थूलतेवरील उपचारांचे यश मात्र प्रायः तराजूवरच मोजले गेले. रुग्णाचे वजन किती किलोग्रॅमने घटले, हाच मुख्य निकष राहिला. त्या काळात यकृताचे काय झाले, हा प्रश्न मागाहून आणि अनेकदा रुग्णांनी मोठी किंमत मोजल्यानंतर विचारला गेला. तोंडावाटे लवचीक दुर्बीण जठरात उतरवून, पोटावर छेद न घेता केल्या जाणाऱ्या वजनघटीच्या उपचारांना एंडोस्कोपिक उपचार म्हणतात. या उपचारांचा इतिहास यकृताच्या दृष्टिकोनातून तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी : बायपास शस्त्रक्रिया आणि यकृताची हानी

इ.स. १९५२ मध्ये अमेरिकन वैद्य सॅम्युएल झेल्मन यांनी २० स्थूल व्यक्तींच्या यकृताचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यपानाचे कारण नसतानाही स्थूल व्यक्तीच्या यकृताला इजा पोहोचू शकते, हे त्यातून पुढे आले. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याची शस्त्रक्रिया मांडली. खाल्लेले अन्न पुरेसे शोषलेच जाऊ नये, हे तिचे तत्त्व होते. साठ व सत्तरच्या दशकांत ही जेजुनो-इलियल बायपास शस्त्रक्रिया बऱ्याच रुग्णांवर झाली.

तराजूच्या निकषावर ती यशस्वी होती. परंतु काही रुग्णांच्या यकृतात चरबी वाढली, दाह झाला, काहींना सिरोसिस झाला आणि काहींचे यकृत निकामी होऊन ते दगावले. पोषणातील गंभीर त्रुटी आणि वगळलेल्या आतड्यातील जिवाणूंची वाढ ही त्याची कारणे मानली गेली. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली. वजन घटणे आणि यकृत सुधारणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

त्याच वर्षी, १९८० मध्ये, मेयो क्लिनिकमधील युर्गन लुडविग व सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांचे वर्णन केले. मद्यपींच्या यकृतात दिसणारे बदल मद्य न घेणाऱ्या या रुग्णांतही आढळले. त्यांतील बहुतेक स्थूल होते. या विकाराला त्यांनी ‘नॉन-अल्कोहोलिक स्टिअॅटोहेपॅटायटिस’ असे नाव दिले. ‘नॅश’ या संक्षिप्त नावाने तो पुढे ओळखला गेला.

पहिला फुगा : घाई आणि माघार

बायपासचा अनुभव ताजा असताना सौम्य उपायाचा शोध सुरू होणे स्वाभाविक होते. १९८२ मध्ये डेन्मार्कमधील नीबेन व हार्बो यांनी जठरात फुगा ठेवण्याची कल्पना मांडली. जठरात केसांचा वा तंतूंचा गोळा साठलेल्या रुग्णाला भूक कमी लागते, या जुन्या निरीक्षणाचा तिला आधार होता. १९८५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘गॅरेन-एडवर्ड्स बबल’ या हवेने फुगवलेल्या, नळकांड्याच्या आकाराच्या फुग्यास मान्यता दिली. अल्पावधीतच तो हजारो रुग्णांच्या जठरात बसवला गेला.

नियंत्रित प्रयोगांचे निष्कर्ष मात्र मान्यतेनंतर हाती आले. या प्रयोगांत एका गटाला फुगा व दुसऱ्या गटाला केवळ फुगा बसवल्याचा आभास निर्माण करणारी एंडोस्कोपी दिली गेली. आहाराचा सल्ला दोघांनाही सारखाच होता. १९८८ मध्ये बेंजामिन आणि १९८९ मध्ये होगन यांच्या गटांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत फुग्याचा अधिक लाभ सिद्ध झाला नाही. उलट जठराच्या अस्तराला जखमा, व्रण आणि फुगा फुटून आतड्यात अडकणे असे उपद्रव समोर आले. १९८८ मध्ये त्याची विक्री थांबली व १९९२ मध्ये मान्यताही काढून घेण्यात आली. या सर्व काळात यकृताची तपासणी हा अभ्यासाचा मुख्य विषय नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

टार्पन स्प्रिंग्ज परिषद आणि दुसरा फुगा

१९८७ मध्ये फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज येथे विविध शाखांचे ७५ तज्ज्ञ एकत्र आले. फुगा गुळगुळीत व टिकाऊ असावा, त्यात हवेऐवजी द्रव भरावा, त्याचा आकार कमी-अधिक करता यावा आणि क्ष-किरणात तो दिसावा, असे निकष त्यांनी ठरवले. या निकषांना अनुसरून सिलिकॉनचा गोल फुगा पुढील दशकात वापरात आला. त्यात ४०० ते ७०० मिलिलिटर क्षारजल भरले जाई. त्यात निळा रंग मिसळण्याची युक्ती विशेष उपयोगी ठरली : फुगा गळू लागताच लघवीचा रंग बदलतो आणि रुग्ण सावध होतो. हा फुगा ६ महिन्यांनी काढावा लागतो. युरोप व अन्य देशांत तो दीर्घकाळ वापरल्यानंतर ‘ऑर्बेरा’ या नावाने २०१५ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.

यकृत हाच निकष

यकृताच्या दृष्टीने किती वजन घटणे आवश्यक आहे, याचे महत्त्वाचे उत्तर क्यूबातून आले. २०१५ मध्ये व्हिलार-गोमेझ व सहकाऱ्यांनी २९३ रुग्णांना ५२ आठवडे केवळ आहार व व्यायामाचे मार्गदर्शन केले. ज्यांचे वजन १० टक्के वा अधिक घटले, त्यांपैकी ९० टक्के रुग्णांचा नॅश विकार नाहीसा झाला आणि ४५ टक्क्यांच्या यकृतातील तंतुमयता कमी झाली. तथापि एवढी घट साधणारे रुग्ण सुमारे एक दशांशच होते. एंडोस्कोपिक उपचारांचे खरे प्रयोजन येथे स्पष्ट होते : बहुसंख्यांना स्वबळावर न गाठता येणारा हा टप्पा गाठून देणे.

सिंगापूरमधील एका लहान नियंत्रित अभ्यासाने २०१२ मध्येच फुग्यानंतर यकृतातील बदल सुधारत असल्याचे सूचित केले होते. २०२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने फुगा बसवताना व काढताना यकृताचे तुकडे तपासले. २० पैकी १८ रुग्णांत विकाराची तीव्रता घटली होती. मात्र तुकड्यांतील तंतुमयता केवळ १५ टक्के रुग्णांत सुधारली. दीर्घकालीन धोका मुख्यतः तंतुमयतेवर अवलंबून असतो, हे तोवर प्रस्थापित झाले होते. चरबी काही महिन्यांत ओसरते. तंतू विरण्यास वर्षे लागतात. फुग्याचे आयुष्य ६ महिन्यांचे, तर विकाराचे अनेक दशकांचे, ही विसंगती अद्याप सुटलेली नाही.

जठराला आतून टाके घालून ते अरुंद करण्याची पद्धत २०१२ नंतर विकसित झाली. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५२ आठवड्यांनी सरासरी १३.६ टक्के वजनघट नोंदली गेली. आवश्यक टप्पा या पद्धतीने ओलांडला, हे तिचे महत्त्व होय.

एंडोबॅरियर : जुन्या धड्याची पुनरावृत्ती

लहान आतड्याच्या आरंभी सुमारे ६० सेंटिमीटरचे अस्तर बसवून बायपासचा परिणाम शस्त्रक्रियेविना साधण्याचा प्रयत्न ‘एंडोबॅरियर’ या साधनाने केला. त्याची अमेरिकेतील चाचणी २०१५ मध्ये थांबवावी लागली. कारण होते यकृतात पू होणे. हा उपद्रव ३.५ टक्के रुग्णांत आढळला. साधन आतड्यात, इजा यकृतात! आतड्यातील रक्त प्रतिहारी शिरेतून थेट यकृतात जाते, हे शरीररचनेचे प्राथमिक सत्य इतिहासाने दुसऱ्यांदा अधोरेखित केले.

भारतीय संदर्भ

पाश्चात्त्य मान्यतेनुसार फुगा ३० ते ४० शरीरभार निर्देशांकाच्या व्यक्तींसाठी होता. भारतीयांमध्ये कमी वजनावरही चयापचयाचे विकार उद्भवतात. म्हणून २००९ च्या भारतीय तज्ज्ञ-सहमतीने स्थूलतेची मर्यादा २५ ठरवली. २६ निर्देशांकाचा फॅटी लिव्हरचा भारतीय रुग्ण त्यामुळे स्थूल ठरतो, पण पाश्चात्त्य निकषांत बसत नाही. २०२१ मध्ये केंद्र शासनाने या विकाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला. ही नोंद आवश्यक होती. परंतु कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यावा, याचे उत्तर भारतीय रुग्णांवरील अभ्यासांतूनच मिळू शकेल.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वजनघट हे साधन आहे. तिच्यावरून यकृताची स्थिती गृहीत धरता येत नाही. दुसरी, नियंत्रित प्रयोगापूर्वी दिलेली मान्यता रुग्णांना महागात पडते. तिसरी, अल्पकालीन साधनाचे मूल्यमापन दीर्घकालीन विकाराच्या मापाने झाले पाहिजे. २०२३ मध्ये या विकाराचे नामांतर करून चयापचयाशी असलेले त्याचे नाते नावातच नोंदवण्यात आले. २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम व २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना त्याच्या उपचारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. या नव्या औषधांनाही आणि एंडोस्कोपीच्या पुढील साधनांनाही हीच कसोटी लावावी लागेल. तराजूचा काटा खाली आला म्हणजे उपचार सफल झाला, असे मानण्याची चूक वैद्यकशास्त्राने यापूर्वी केली आहे; तिची किंमत रुग्णांच्या यकृताने मोजली आहे.