पाण्याची गोळी आणि शहाळं

आमच्या परभणीकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'पाण्याची गोळी' सुरू झाली की उशाशी केळी आणि शहाळी आलीच म्हणून समजा. आजीच्या आजारपणातही तेच. पायावर सूज, तीन उशा लावून झोपणं, लॅसिक्स आणि वसमतची केळी. 'गोळीनं ताकद जाते, केळ्यानं भरून येते', हे घरात सगळ्यांना पाठ. ही समजूत आली कुठून?

हृदय दुबळं झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते काढणारं पहिलं जोरदार औषध योगायोगानं सापडलं. १९१९ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल या वैद्यकीय विद्यार्थ्यानं सिफिलिसच्या एका मुलीला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं, आणि तिला भरपूर लघवी होऊ लागली. पुढची कित्येक वर्षं सूज उतरवायला चक्क पारा टोचत असत! १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायझाइडच्या गोळ्या आल्या आणि १९६० च्या दशकात लॅसिक्स.

सूज उतरू लागली, पण पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जाऊ लागलं. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या इशाऱ्यावर पडतो, आणि तो इशारा देऊन झाल्यावर पेशी पुन्हा तयार होते ती पोटॅशियमच्या आधारानं. ते घटलं की ठोके चुकतात, कधी जीवघेणी लय सुरू होते. सोबत डिजॉक्सिन असेल तर धोका आणखी वाढतो, कारण पोटॅशियम कमी असताना त्याचं विष लवकर भिनतं. म्हणून डॉक्टर केळी, शहाळी सांगू लागले. म्हणजे समजूत खुळी नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला (वसमतही तिकडेच गेलं), त्याच वर्षी 'रेल्स' या चाचणीचे निष्कर्ष आले. १,६६३ रुग्ण, बहुतेकांना लॅसिक्सच्या जातीचं औषध सुरूच होतं. त्यात स्पायरोनोलॅक्टोनची भर घातली तर मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, अचानक होणारे मृत्यूही घटले. हीसुद्धा पाण्याचीच गोळी, पण ही पोटॅशियम राखून ठेवते.

मग सगळीकडे ती लिहून दिली जाऊ लागली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हृदयविकाराच्या अशा रुग्णांमध्ये पोटॅशियम वाढल्यामुळे दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. वाढलेलं पोटॅशियमही हृदयाची लय बिघडवतं, क्वचित हृदय बंदही पाडतं.

गंमत बघा, गोळी बदलली, पण उशाशी शहाळं तेच राहिलं! आज अनेकांच्या एकाच गोळीत दोन्ही औषधं असतात. त्यात मूत्रपिंडं थकलेली असली, तर मायेनं दिलेलं शहाळंही अंगाशी येऊ शकतं.

म्हणून नातेवाईक मंडळींना एवढंच सांगणं. पाण्याची गोळी नेमकी कोणती, हे विचारून घ्या. रक्तातलं पोटॅशियम (साधारण ३.५ ते ५) आणि क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्या. गोळी मात्र मनानं बंद करू नका. केळी आणायची की नाही, ते रिपोर्ट बघून ठरवू.