नॉबकेरी : एका सोट्याचें नांव

दक्षिण आफ्रिकेंतील झुलू, सोथो इत्यादि लोकांचा एक परंपरागत सोटा आहे. इंग्रजी कोश त्यास 'नॉबकेरी' म्हणतात. कठीण लाकडाच्या एकाच तुकड्यांतून कोरलेला. एका टोकास वाटोळा गोळा, बाकीचा दंड बारीक. गदा म्हणावें, तर आमच्या डोळ्यांपुढें मारुतिच उभा राहतो, आणि ही तर गुराख्याच्या नित्य उपयोगाची वस्तु! चालतांना आधार, सावजावर फेकावयास आयुध, प्रसंगीं शत्रूचें मस्तक फोडण्याचें साधन. १८३८ च्या ६ फेब्रुवारीस झुलूंचा राजा डिंगाने याच्या आज्ञेनें पीट रिटीफ व त्याचे सोबती मारले गेले, ते अशाच सोट्यांच्या प्रहारांनीं. पुढें १९१४-१८ च्या महायुद्धांत इंग्रज शिपायांनीं खंदकांतील आपल्या दंडुक्यांनाहि हेंच नांव दिलें.

आतां या नांवाचें कूळ पाहूं. त्यांतील 'नॉब' म्हणजे डच 'क्नोप', गांठ किंवा गोळा; इंग्रजांनीं तो आपल्या शब्दासारखा करून घेतला इतकेंच. पण 'केरी' कोणाची? ती डचांची नव्हे, झुलूंचीहि नव्हे. झुलू आपल्या सोट्यास 'इविसा' म्हणतात. ती केपकडील खोइखोइ पशुपालकांची. त्यांच्या भाषेंत 'किरी' म्हणजे काठी. १६५२ सालीं डच ईस्ट इंडिया कंपनीनें केपला ठाणें घातलें, तेव्हां तिला शेजारी मिळाले ते हेच लोक. त्यांचा शब्द गोऱ्या वसाहतवाल्यांनीं उचलला, आणि पुढें पूर्वेस व उत्तरेस सरकतांना जे दुसरे लोक भेटले त्यांच्याहि सोट्यास तोच लावून दिला. विचारण्याची तसदी कोण घेतो?

इकडे खोइखोइंचीं कुरणें गेलीं, १७१३ च्या देवीच्या सांथीनें त्यांचा मोठा संहार केला, आणि केपकडील त्यांची बोली कालांतरानें लोपली. तिच्या कुळांतील भाषा नामिबियांत अद्याप बोलली जाते खरी; परंतु जगाच्या कोशांत त्या लोकांचा शब्द राहिला तो दुसऱ्याच्या शस्त्रावर. व्युत्पत्ति हा पंडितांचा निरुपद्रवी खेळ, असें आम्ही आजवर मानीत आलों. येथें तसें मानवेना.

दक्षिण आफ्रिकेनें २००० सालीं नवें राजचिन्ह स्वीकारलें. त्यांत भाला व हा सोटा शांततेची खूण म्हणून आडवे निजविले आहेत. तळाशीं ब्रीद आहे तें सान शिकाऱ्यांच्या एका भाषेंतलें. ती आज कोणीहि बोलत नाहीं.