ओवी कुणाची? कंधारचं जातं आणि गोव्याचं चर्च

कंधारहून बोलतोय. मागं मन्याड नदीचा वारा आहे, त्यामुळं रेकॉर्डिंगमध्ये थोडी घरघर येईल, सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणं लिहूनही देतोय.

आजचा विषय आहे कॅथलिक चर्चमधलं संगीत. तुम्ही म्हणाल, कंधारचा माणूस, भुईकोट किल्ला सोडून, दर्गा सोडून, हे मध्येच चर्च कुठून आणलं? सांगतो. माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो.

कॉलेजला मी औरंगाबादला होतो, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. हॉस्टेलमध्ये माझा रूम पार्टनर जालना जिल्ह्यातला, कॅथलिक. एका नाताळाला तो मला रात्रीच्या मिस्सेला घेऊन गेला. मिस्सा म्हणजे त्यांची मुख्य उपासना. मला वाटलं होतं, सिनेमात असतं तसं असणार: मोठा ऑर्गन, इंग्रजी गाणी, मेणबत्त्या. आत गेलो तर हार्मोनियम, ढोलकी आणि टाळ. गाणी मराठी. एक चाल तर अशी, की आमच्या गल्लीतल्या हरिपाठाला बसल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर मी कौतुकानंच म्हणालो, "अरे, हे तर आमचंच आहे. तुम्ही आमची चाल घेतली की!"

तो थांबला. म्हणाला, "आमची म्हणजे कुणाची? माझी आजी पण जात्यावर दळायची. तिच्या ओव्या काय उसन्या होत्या का?"

मला उत्तर देता आलं नाही. मग बरीच वर्षं मी जमेल तसं वाचत गेलो, आणि जे सापडलं ते आज तुमच्यापुढं ठेवतोय.

आधी ओवीकडं बघू. ओवी आपल्या गोदावरीच्या पट्ट्यात वाढली. ज्ञानेश्वरी १२९० ची, ओवीत. पैठणचे एकनाथ महाराज, त्यांचं भागवत ओवीत. आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायका पहाटे जात्यावर गात होत्या ती पण ओवीच. चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड. अक्षरं कमीजास्त झाली तरी चालतं, कारण ओवी मोजून म्हणायची नसते, ओढून म्हणायची असते. दगड जड फिरला की स्वर लांबतो.

आता गंमत बघा. युरोपातल्या कॅथलिक चर्चचं एक खूप जुनं गाणं असंच आहे. त्याला ग्रेगोरियन गायन म्हणतात. सहाव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरींचं नाव त्याला मिळालं, पण त्याला आजचं रूप आलं ते नंतर, आठव्या-नवव्या शतकात. एकच स्वरावली, सगळे एका आवाजात. वाद्य नाही, ठेका नाही. शब्द जसा वळतो तसा स्वर वळतो. स्तोत्र म्हणताना एका स्वरावर धरून चालायचं, मध्ये एक वळण, शेवटी एक वळण. बऱ्याच वेळा दोन गट करतात, एका ओळीला हे, पुढच्या ओळीला ते. पारायणाला बसलेल्या कुणालाही हे लगेच ओळखीचं वाटेल. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन जावांनाही वाटेल.

आणि आपण सा रे ग म म्हणतो तसं त्यांनी अकराव्या शतकात सुरू केलं. ग्विदो नावाचा एक इटालियन साधू मुलांना गाणं शिकवायचा. त्यानं एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं उचलून स्वरांना नावं दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. त्या 'उत'चा पुढं 'डो' झाला. तोच आपला डो रे मी.

आता या दोन गोष्टी भेटल्या कुठं? गोव्यात.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीतला एक जेझुइट गोव्यात उतरला. जन्म इंग्लंडचा. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज, असं त्याच्याबद्दल बऱ्याचदा म्हटलं जातं. त्याचं बहुतेक आयुष्य साष्टी भागात गेलं, आजच्या मडगावच्या आसपास. काळ लक्षात घ्या. परंपरेप्रमाणं १५८४ ला नाथमहाराज पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करत होते, तेव्हा हा माणूस साष्टीत मराठी आणि कोकणी शिकत होता.

पण मंडळी, हा काळ गोड नव्हता. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसलेलं होतं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोक उठले, पाच जेझुइट मारले गेले, आणि मग पोर्तुगिजांनी त्याचा सूड घेतला. जुन्या पोथ्या जप्त झाल्या. त्या काळी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या मराठी-कोकणी रामायण-महाभारताच्या वह्या आजही पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. हे झाकून पुढं गेलो तर गोष्ट खोटी होईल.

याच साष्टीत स्टीफन्सला एक प्रश्न विचारला गेला. तो त्यानं आपल्याच पुस्तकात नोंदवून ठेवलाय. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक ब्राह्मण म्हणाला: तुम्ही आमची जुनी पुराणं सोडायला लावलीत, मग आमच्यासाठी दुसरी का करत नाही?

मला या प्रश्नात भक्ती ऐकू येते, तशी एक पोकळीही ऐकू येते. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचं काहीतरी असतं, ते काढून घेतलं तर माणसं करणार काय?

स्टीफन्सनं उत्तर म्हणून ओवी लिहिली. जवळजवळ अकरा हजार ओव्या! त्याचं नाव ख्रिस्तपुराण. पहिल्या भागात जग निर्माण झालं तिथपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्या भागात येशूचं चरित्र. भाषा मराठी, मधूनमधून कोकणी शब्द. स्वर्गाला त्यानं चक्क वैकुंठ म्हटलंय. १६१६ ला ते साष्टीतल्या रायतूर इथं छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. तीन वर्षांनी, १६१९ ला, स्टीफन्स वारला. पुढं १६२९ मध्ये एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचं सेंट पीटरवरचं पुराणही आलं. तेही मराठीत, तेही ओवीत.

एक फरक नीट समजून घ्या. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्येच होती. जगात बहुतेक ठिकाणी ती लॅटिनमध्येच होती. पण रविवारी आणि सणाला, तिच्या बाजूनं, चर्चमध्ये ख्रिस्तपुराण गायलं जायचं. म्हणजे आत वेदीपाशी लॅटिन, आणि लोकांच्या तोंडी ओवी.

मग १६८४ ला गोव्याच्या व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायचं. धर्म बदलला होताच, आता जीभ बदला.

इथं मला माझे आजोबा आठवतात. कंधार निजामाच्या राज्यात होतं. सरकारी कामकाज उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यमही उर्दू. माझे आजोबा शाळा उर्दूत शिकले, सहीसुद्धा उर्दूत करायचे. पण संध्याकाळी मारुतीच्या पारावर पोथी मराठीत. उर्दूबद्दल तक्रार नाही, गोड भाषा आहे, आजोबांना शेर पाठ होते. मुद्दा एवढाच, की १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तोवर कचेरीत मराठीला जागा नव्हती, आणि आमच्या घरात ती गळ्यात राहिली होती.

गोव्याच्या पुराणाचंही तेच झालं. १६१६, १६४९, १६५४, अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या. आज त्यांतली एकही छापील प्रत उरलेली नाही. एकही नाही! मग पुस्तक वाचलं कसं? गाणाऱ्यांनी हातानं उतरवून घेतलं म्हणून. गोव्यातून जे कॅथलिक दक्षिणेला मंगळूरकडं गेले, त्यांनी ते सोबत नेलं. टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला असताना मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना या ओव्यांचाच आधार होता, अशी परंपरा सांगते. अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जोसेफ सालडाण्यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं. देवनागरीतलं एक जुनं हस्तलिखित लंडनला निघालं. आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्यांना ते वाचता यायला लागलं.

दुसरीकडं गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत होते. त्याचा फायदा कुणाला झाला माहितीय? हिंदी सिनेमाला. गोव्याची ही पोरं मुंबईला आली आणि स्टुडिओत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. वडील गावच्या चर्चमध्ये गाणं शिकवायचे. मुंबईत त्यांच्याकडं व्हायोलिन शिकलेला एक पोरगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये जे नाव अमिताभ ओरडून सांगतो, ते या खऱ्या गुरूचं नाव आहे.

आता परत माझ्या मित्राच्या चर्चकडं येऊ, कारण एक कोडं राहिलंय. ढोलकी आत कधी आली?

१९०३ मध्ये पोप दहाव्या पायसनं चर्चच्या संगीताचे नियम काढले होते. ग्रेगोरियन गायन सगळ्यात वर. पियानोला बंदी, ढोल आणि झांजा असल्या गोंगाट करणाऱ्या वाद्यांनाही बंदी. म्हणजे ढोलकी तर सोडाच, पियानोसुद्धा बाहेर! त्याच्या मनात नाटकी, दिखाऊ गाणं थांबवायचं होतं, पण नियम सगळ्या जगाला लागला.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. ४ डिसेंबर १९६३ ला तिनं उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला. २१४७ मतं बाजूनं, विरोधात फक्त ४. लोकभाषेला दार उघडलं. ग्रेगोरियन गायनाचा मान तसाच ठेवला, पण प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संगीत परंपरेलाही योग्य स्थान द्या, असं स्पष्ट लिहिलं. त्यानंतर मराठी मिस्सा आली, आणि तिच्यासोबत हार्मोनियम, तबला, ढोलकी वेदीपर्यंत पोचली. १९७७ ला, हो, त्याच अँथनीच्या वर्षी, औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. आपला नांदेड जिल्हा त्यातच येतो.

काही जुन्या लोकांना लॅटिन गेल्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. मला ते कळतं. लहानपणापासून ऐकलेला स्वर एका दिवसात थांबला तर घर बदलल्यासारखं होत असणार.

पण हिशोब करून बघा. १६१६ ते आज, चारशेच्या वर वर्षं झाली. म्हणजे चर्चमधली ओवी तुकोबांच्या काळातली आहे. मी त्या रात्री बोललो होतो, की तुम्ही आमची चाल घेतली. खरं तर आम्ही दोघंही त्याच जात्यापाशी बसलो होतो. ओवी त्याच्या लोकांनी जपली, माझ्या लोकांनी जपली, आणि दोघांवरही वरून हुकूम आलेले होते. याच मराठवाड्यात, उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. काहींनी तेव्हाही विचारलं, हे कसे काय? उत्तर १६१६ पासून तयार होतं, फक्त आपण वाचलं नव्हतं.

शेवटी आजीची गोष्ट. माझी आजी आता ऐंशीच्या पुढं आहे. दळण गिरणीत जातं, जातं फक्त लग्नात हळदीपुरतं निघतं. मागच्या दिवाळीत मी तिच्यापुढं मोबाईल धरून ख्रिस्तपुराणातल्या काही ओव्या वाचायला लागलो. कुणाच्या आहेत ते सांगितलं नाही. दोन ओव्यांनंतर तिनं हात वर केला.

"असं बातम्यावानी वाचू नको रे. म्हण."

आणि तिनं चाल धरली. शब्द माझे मोबाईलमधले, चाल तिची. चौथ्या चरणाला बरोबर तिथंच थांबली जिथं थांबायचं. नंतर विचारलं, कुण्या म्हाराजाची पोथी हाय? मी म्हणालो, एका इंग्रजाची, ख्रिस्ताची कथा आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "इंग्रजाला ओवी येत व्हती व्हय? कुणीतरी बाईनं शिकवली असंल."

ते रेकॉर्डिंग मी मित्राला पाठवलं. त्याचा रिप्लाय आला: "माझी आजी असती तर हिच्यासोबत बसली असती."

तुमच्या घरात कुणी जात्यावरचं, चर्चमधलं, दर्ग्यातलं, मठातलं, काहीही गात असेल, तर आज संध्याकाळी मोबाईल काढा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. छापलेली पुस्तकं नाहीशी झालेली आपण आत्ताच ऐकलंय.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर, राम राम, सलाम, जय भीम, जय ख्रिस्त!