जखम पाहून

दिवाळीच्या अंकात मरणाचा आणि भरपाईचा विषय काढणे अप्रशस्त आहे, हे मी जाणतो. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण फराळाच्या ताटाभोवती बसलेले असताना शहरातल्या बंबखान्यांत काही माणसे पायातले बूट न काढता बसलेली असतात. कुणाच्या गच्चीवर बाण पडला, कुणाच्या दुकानात ठिणगी शिरली, की घंटा वाजायची आणि त्यांनी धावायचे. धावलेल्यांपैकी एखादा परत आला नाही, तर त्याच्या घरची दिवाळी कोणी करायची? हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्याच अंगणात सापडते.

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा पाडाव झाला. त्या दिवसाची वाघनखे आपल्याला पाठ आहेत. पण लढाई संपल्यावर काय झाले, तो मजकूर सहसा वाचला जात नाही. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून 1697 च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात तो आहे. पडलेल्यांच्या मुलांचे चालवावे. ज्यांना पुत्र नाही, त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून द्यावे. आणि जखमींना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन द्यावेत, असा महाराजांनी निर्णय केल्याचे सभासद सांगतो.

या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. विधवेला मिळाले ते वेतन, दान नव्हे. नवऱ्याने जी चाकरी जिवावर उदार होऊन केली, तिचाच तो पुढे चालू राहिलेला मोबदला. त्यासाठी तिला कुणाच्या दारात पदर पसरायचा नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, मेलेल्याबरोबरच मोडलेल्याचीही आठवण ठेवली गेली. पुढे पेशवाईत हीच रीत ‘बालपरवेशी’ या नावाने दिसते. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांच्या पालनपोषणासाठी सरकारातून नेमणूक मिळे, तिचे हे नाव. शब्द दफ्तरातला खरा, पण त्याला आईच्या हाताचा वास आहे.

इंग्रजी अमलात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला तो 1923 साली, आणि 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. ज्या धोक्याच्या कामांना तो लावला गेला, त्यांत आगीच्या बंबावरची नोकरीही आली. या कायद्याला तेव्हा जोडलेले मूळ परिशिष्ट एकदा वाचून पाहावे. उजवा हात कोपरापासून वर गेला तर कमाईची शक्ती शेकडा 70 ने घटली असे समजावे; डावा गेला तर 60; एक डोळा गेला तर 30; अंगठा 25. डावखुऱ्या माणसाने काय करावे, हे परिशिष्ट सांगत नाही! हसू येते खरे, पण नीट पाहिले तर ‘जखम पाहून’ हीच ती जुनी कल्पना; होनांच्या जागी टक्के आले, इतकेच. आणखी एक शहाणपण त्यात होते. मृताची भरपाई मालकाने परस्पर विधवेच्या हातावर टेकवायची नाही, तर आयुक्ताकडे भरायची. म्हणजे तिच्या अडाणीपणाचा फायदा घेऊन थोडक्यात बोळवण होऊ नये.

पण मेख होती ती रकमेत. मृत्यू आला तर तीस महिन्यांचा पगार किंवा 2500 रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. 1984 साली दुरुस्ती झाली, तेव्हा तेथे ‘जे अधिक असेल ते’ असे शब्द आले आणि 20,000 रुपयांच्या खाली भरपाई जाईनाशी झाली; 2009 च्या दुरुस्तीने ही किमान रक्कम 1,20,000 वर नेली. ‘कमी’चे ‘अधिक’ व्हायला साठ वर्षे लागली!

त्या साठ वर्षांच्या पोटातच 14 एप्रिल 1944 ची दुपार आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. पोटात सुमारे 1400 टन स्फोटके, त्यांच्या जोडीला कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. कापसातून धूर निघू लागला, बंब धावले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. पण एक आकडा पक्का आहे: अग्निशामक दलाचे 66 जण त्या दिवशी घरी परतले नाहीत. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे, आणि 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. जहाजावरच्या सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षे गोदीचा गाळ उपसताना सापडत राहिल्या आणि मोजून घेतल्या गेल्या.

हा विसराळूपणा केवळ आपलाच आहे असे नाही. संपन्न अमेरिकेने कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांच्या आणि अग्निशामकांच्या कुटुंबांना केंद्र सरकारातून 50,000 डॉलर देण्याचा कायदा केला तो 1976 साली. जो मेला नाही, पण कायमचा निकामी होऊन घरी आला, त्याला त्या कायद्यात जागा मिळाली 1990 मध्ये. मेलेल्याला निदान हार तरी पडतो. खाटेवरच्या माणसाला कालांतराने शेजारीही विसरतात, आणि त्याच्या बायकोला विधवेचे दुःख आणि सधवेचे कष्ट असे दोन्ही एकदम वाट्याला येतात.

म्हणून मला सभासदाच्या त्या चार ओळी पुन्हा वाचाव्याशा वाटतात. रण अजून निवले नसेल, जखमा ओल्या असतील, आणि तेवढ्यात कुणीतरी माणसामाणसापाशी जाऊन त्याची जखम पाहत होते. आजच्या अर्जांच्या, दाखल्यांच्या आणि शिक्क्यांच्या व्यवहारात रक्कम पुष्कळ वाढली आहे, याचा आनंदच मानायचा. तरी ज्या घरी ती पोहोचवायची, तेथपर्यंत कुणीतरी स्वतः चालत जाण्याची गरज काही कमी झालेली नाही. या दिवाळीत आपल्या गावच्या बंबखान्यात चार करंज्या पाठवाच. आणि पाठवताना, तेथल्या एखाद्याच्या घरी यंदा आकाशकंदील लागला नाही का, एवढे विचारून या.