रंग बदलणाऱ्या स्फटिकाचं घराणं

1961 साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा 694 नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झमधून सोडला. पलीकडे त्यात बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, 347 नॅनोमीटरचा, अतिनील प्रकाशही मिसळलेला सापडला. त्याचा पुरावा असलेला बारीकसा ठिपका निबंध छापताना डाग समजून पुसला गेला, ही हकिकत भौतिकीवाले आजही सांगतात. एरवी प्रकाश दुप्पट केला की पदार्थाचा प्रतिसादही दुप्पट होतो. लेसरच्या प्रखरतेपुढे हे त्रैराशिक मोडतं. याच वागण्याच्या अभ्यासाला अरेषीय प्रकाशिकी म्हणतात.

दुसरा धागा जर्मनीतला. 1969 मध्ये गेरहार्ड वेग्नर यांनी डायॲसिटिलीनच्या स्फटिकांचं विलक्षण वागणं उलगडलं. हे जवळपास रंगहीन स्फटिक अतिनील उजेडात किंवा उष्णतेत ठेवले, की आतले रेणू जागच्या जागी जोडले जातात. स्फटिक न मोडता लांबलचक साखळ्या तयार होतात आणि त्यावर गडद रंग चढतो. साखळीत एकेरी, दुहेरी, तिहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका बंधाला चिकटून न राहता साखळीभर हेलकावतात. प्रखर प्रकाशाने ते जोरात हलतात आणि प्रतिसाद सरळ प्रमाणात राहत नाही.

हे दोन धागे 1976 मध्ये जुळले. सोतरे, रे बॉगमन आणि सहकाऱ्यांनी या स्फटिकांतून मूळच्या तिप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळवला. प्रभाव अकार्बनी अर्धवाहकांच्या तोडीचा होता. ऐंशीच्या दशकात प्रकाशावर चालणाऱ्या संगणकाची स्वप्नं यावरही रंगली. पण झोत वाढवला की पदार्थ एकदम दोन फोटॉन गिळायचा. प्रकाश वाया जायचा, उष्णता उरायची. संगणक काही झाला नाही. माझ्या मते तरीही या स्फटिकांवरची मेहनत फुकट गेली नाही.

कारण त्याच 1976 मध्ये गोरधनभाई पटेल, प्रेझिओसी आणि बॉगमन यांना अमेरिकेत उष्णतेचा इतिहास रंगातून सांगणाऱ्या निदर्शकाचं पेटंट मिळालं. त्याच रसायनाची खूणचिठ्ठी 1996 पासून पोलिओ लशीच्या कुपीवर लागली. बाळाला डोस पाजण्याआधी ती बघा: वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका हवा. तो उष्णतेने वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल, तर ती कुपी वापरू देऊ नका.